नारायण वामन टिळक : मराठी ख्रिस्ती प्रार्थनेला घरचा सूर देणारे कवी

फुलामुलांचे कवी म्हणून मराठी वाचकांना परिचित असलेले रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी आणखी एक मोठे कार्य केले. महाराष्ट्रातील ख्रिस्ती समाजाच्या प्रार्थनेला त्यांनी मराठी मातीतील शब्द आणि चाली दिल्या. रविवारच्या उपासनेपुरती राहू शकणारी प्रार्थना घरातील रोजच्या जगण्याचा भाग व्हावी, यासाठी त्यांनी आयुष्याची शेवटची चोवीस वर्षे वेचली.

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. वडील सरकारी कारकून होते. आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेल्या होत्या. त्यांच्या निधनानंतर लहान वयातच टिळकांनी घर सोडले. नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखले घराण्यातील मनकर्णिका यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच पुढे लक्ष्मीबाई टिळक म्हणून मराठी साहित्यात अजरामर झाल्या.

तरुणपणी टिळकांचे मन कोठेच स्थिरावले नाही. शिक्षक, पुराणिक, छापखान्यातील जुळारी अशी नाना कामे त्यांनी केली. नागपूरला अप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी वैदिक वाङ्मयाचा अभ्यास केला आणि ‘ऋषी’ हे मासिक चालवले. जातिभेद नाहीसा करणारा, सर्वांना एका ईश्वराकडे नेणारा धर्म कोणता, हा प्रश्न या काळात त्यांना सतत अस्वस्थ करीत होता.

नागपूर, जबलपूर आणि रायपूर ही शहरे ज्या मध्य प्रांतात मोडत, त्याच प्रांताच्या छत्तीसगड भागात राजनांदगाव हे संस्थान होते. १८९३ मध्ये तेथे जाताना रेल्वेच्या डब्यात टिळकांची एका अनोळखी युरोपीय प्रवाशाशी गाठ पडली. काव्य आणि धर्म यांवर बोलणे झाल्यावर त्या गृहस्थाने बायबलच्या नव्या कराराची प्रत त्यांच्या हाती ठेवली आणि ती वाचण्याचे वचन घेतले. त्या प्रवाशाचे नाव टिळकांना पुढेही कधी कळले नाही. वचन दिले म्हणून त्यांनी वाचनास आरंभ केला, आणि येशूच्या डोंगरावरील प्रवचनापाशी ते खिळून राहिले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तो विधी भारतीय पाळकाच्या हातून व्हावा, हा त्यांचा आग्रह होता.

या निर्णयाची किंमत घराला मोजावी लागली. लक्ष्मीबाई लहान मुलासह माहेरच्या माणसांच्या आधाराने राहिल्या. पंढरपूर आणि नाशिक येथील त्या वर्षांत पतीचा वियोग आणि लोकनिंदा दोन्ही त्यांनी सोसली. सुमारे पाच वर्षांनी त्या टिळकांकडे परतल्या, त्या आपला धर्म आणि सोवळे सांभाळूनच. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे, असा संसार काही काळ चालला. टिळकांनी त्यांच्यावर धर्माची सक्ती केली नाही. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे, असे स्वतःच्या विचाराने पटल्यावर १९०० मध्ये लक्ष्मीबाईंनी बाप्तिस्मा घेतला. ‘स्मृतिचित्रे’ या त्यांच्या आत्मचरित्रात हा सारा प्रवास आला आहे.

अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे अमेरिकन मराठी मिशनमध्ये काम करताना टिळकांना एक उणीव तीव्रतेने जाणवली. उपासनेत गायली जाणारी कित्येक गीते इंग्रजीवरून भाषांतरित होती आणि त्यांच्या चालीही पाश्चात्त्य होत्या. श्रद्धा स्वीकारलेल्या शेतकऱ्याला किंवा मजुराला ती काम करताना गुणगुणता येतील, अशी नव्हती. कृष्णराव सांगळे यांच्यासारख्यांनी देशी वळणाच्या रचना त्यापूर्वी केल्या होत्या. टिळकांनी ती वाट रुंद केली. अभंग, ओवी, पद आणि भजन ही महाराष्ट्राच्या ओठांवर शतकानुशतके असलेली रूपे त्यांनी ख्रिस्तभक्तीसाठी वापरली. टाळ-मृदंगाच्या साथीने ख्रिस्ती कीर्तनेही केली.

यामागे त्यांचा स्वतःचा अनुभव होता. ज्ञानेश्वर-तुकारामांची वाणी त्यांनी धर्मांतरानंतर दूर सारली नाही; तुकोबांच्या भक्तीच्या पुलावरूनच आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, अशी त्यांची धारणा होती. वारकऱ्याचे नामस्मरण शेतात, वाटेत आणि घरात चालते. प्रार्थनेचे तसेच व्हावे, असे त्यांना वाटे. त्यामुळे त्यांच्या गीतांत देव सिंहासनावरचा दूरचा राजा म्हणून क्वचितच येतो. तो माऊली, सखा आणि गुरू म्हणून येतो, आणि त्याच्याशी दिवसातून केव्हाही बोलता येते.

टिळकांनी शंभराहून अधिक भक्तिगीते रचली. मराठी मंडळ्यांच्या ‘उपासना संगीत’ या गीतसंग्रहात त्यांचा मोठा वाटा आहे. १९०४ मध्ये त्यांना पाळकपदाची दीक्षा मिळाली. १९१२ पासून अखेरपर्यंत ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी केले. बालकवी ठोमरे यांच्यासारख्या तरुण कवीला त्यांच्या घरात मायेचा आसरा मिळाला.

१९१७ मध्ये टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. पगारी धर्मकार्यापेक्षा संन्यस्त वृत्तीने जगणे त्यांना अधिक खरे वाटू लागले होते. सातारा येथे त्यांनी ‘देवाचा दरबार’ सुरू केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात बंधुभावाने एकत्र यावेत, अशी ती कल्पना होती. चर्चमधील अनेकांना ती पटली नाही. ती रुजण्याइतका अवधीही टिळकांना लाभला नाही. ९ मे १९१९ रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेनुसार पार्थिवाचे दफन न करता दहन करण्यात आले.

१९०९ मध्ये आरंभलेले ‘ख्रिस्तायन’ हे ओवीबद्ध महाकाव्य अपुरे राहिले होते. टिळकांचे सुमारे अकरा अध्याय झाले होते. लग्नानंतर त्यांच्याकडूनच अक्षरओळख झालेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय रचले. एकेकाळी पतीच्या घरात वेगळी चूल मांडणाऱ्या स्त्रीने पतीची प्रार्थना अशी पूर्णत्वास नेली. लक्ष्मीबाई १९३६ मध्ये निवर्तल्या आणि १९३८ मध्ये हा ग्रंथ प्रसिद्ध झाला.

‘देवाचा दरबार’ टिकला नाही. गीते मात्र टिकली. टिळकांच्या निधनाला शतकाहून अधिक काळ लोटल्यानंतरही मराठी चर्चमध्ये आणि घरोघरीच्या उपासनेत ती गायली जातात.