वाटाण्याच्या वाफ्यातले धर्मगुरू : फादर ग्रेगोर मेंडेल

आपल्या मुलांच्या विज्ञानाच्या पुस्तकात ग्रेगोर मेंडेल हे नाव येते. वाटाण्याची उंच आणि बुटकी झाडे, तीनास एक हे प्रमाण आणि परीक्षेला हमखास विचारली जाणारी ती चौकटीची आकृती. मुले ती पाठ करतात, गुण मिळवतात आणि विसरून जातात. परंतु हे मेंडेल कॅथलिक धर्मगुरू होते, ऑगस्टिनियन मठात राहत होते, पुढे त्याच मठाचे मठाधिपती झाले, ही गोष्ट आपल्यापैकी थोड्यांनाच ठाऊक असते.

त्यांची ओळख करून घेण्याचे आणखी एक कारण आहे. एखाद्या घरात जन्मतःच आजारी मूल आले की शेजारीपाजारी पहिला प्रश्न विचारतात तो दोष कोणाचा हा. कोणी आईच्या माहेराकडे बोट दाखवतो, कोणी जुन्या शापाकडे, कोणी पापाकडे. जन्मांध माणसाला पाहून शिष्यांनीही प्रभू येशूला हेच विचारले होते. योहानाच्या शुभवर्तमानाच्या नवव्या अध्यायात आपण ते वाचतो. पाप त्याचेही नाही आणि त्याच्या आईबापांचेही नाही, असे प्रभूने शिष्यांना सांगितले. त्यानंतर अठराशे वर्षांनी असे आजार घरात कसे उतरतात याचा हिशेब ज्यांच्यामुळे लागू शकला, ते हे फादर मेंडेल.

त्यांचा जन्म जुलै १८२२ मध्ये त्या वेळच्या ऑस्ट्रियन साम्राज्यातील हाइन्झेन्डॉर्फ या खेड्यात झाला. हे गाव आज चेक प्रजासत्ताकात आहे. बाप्तिस्म्याचे नाव योहान. वडील आंतोन शेतकरी होते. आठवड्यातले तीन दिवस त्यांना जमीनदाराकडे वेठीने राबावे लागे. गावच्या धर्मगुरूंना फळबागेची आवड होती आणि ते शाळेतल्या मुलांना कलमे बांधायला शिकवीत. मुलाची हुशारी पाहून त्याला बाहेरगावी शिकायला पाठवले खरे, पण पैशाची ओढाताण कायमची होती. १८३८ मध्ये लाकडाचा ओंडका अंगावर पडून वडील जायबंदी झाले आणि घरून मदत येणे जवळजवळ थांबले. मुलगा शिकवण्या करून, अर्धपोटी राहून शिकत होता, मध्येच आजारी पडत होता. तेव्हा धाकटी बहीण तेरेझिया पुढे आली. तिने आपल्या हुंड्यासाठी राखलेल्या पैशांतला वाटा भावाच्या शिक्षणासाठी दिला. मेंडेल हे कधी विसरले नाहीत. पुढे तिच्या तिन्ही मुलांच्या शिक्षणाला त्यांनी हातभार लावला आणि त्यांतले दोघे डॉक्टर झाले.

१८४३ मध्ये ते ब्रनो शहरातील सेंट थॉमस मठात दाखल झाले. तेथे त्यांना ग्रेगोर हे नाव मिळाले. पोटापाण्याची काळजी मिटावी हाही मठात येण्यामागचा एक विचार होता, हे त्यांनी लपवले नाही. ६ ऑगस्ट १८४७ रोजी त्यांना गुरुदीक्षा मिळाली. धर्मग्रामाचे काम करताना त्यांना इस्पितळातील रुग्णांची भेट घ्यावी लागे. पण माणसांच्या यातना पाहून त्यांचा जीव इतका कासावीस होई की ते स्वतःच अंथरुणाला खिळले. मठाधिपती सिरिल नाप हे जाणते गृहस्थ होते. त्यांनी या तरुण फादरांना दोष दिला नाही. ते काम काढून घेऊन १८४९ मध्ये त्यांना शाळेत शिकवायला पाठवले.

शिक्षक म्हणून मेंडेल मुलांचे लाडके झाले, पण परीक्षेने त्यांना दगा दिला. १८५० मध्ये शिक्षक होण्याच्या परीक्षेत ते नापास झाले. मग मठाने त्यांना व्हिएन्ना विद्यापीठात पाठवले. तेथे दोन वर्षे ते भौतिकशास्त्र, गणित आणि वनस्पतिशास्त्र शिकले. १८५६ मध्ये पुन्हा परीक्षेला बसले, पण प्रकृती बिघडल्याने ती अर्ध्यावर सोडून परत आले. ते प्रमाणपत्र त्यांना कधीच मिळाले नाही. १८५४ पासून चौदा वर्षे त्यांनी बदली शिक्षक म्हणूनच काम केले.

त्याच १८५६ मध्ये मठाच्या बागेतील एका अरुंद पट्ट्यात त्यांनी वाटाण्याचे प्रयोग सुरू केले. आधी दोन वर्षे त्यांनी ३४ जातींचे बियाणे पारखून घेतले होते. मग काम असे चाले : फूल उमलण्याआधी कळी उघडायची, चिमट्याने पुंकेसर काढून टाकायचे, दुसऱ्या झाडाचे परागकण आणून लावायचे आणि कीटक बसू नयेत म्हणून फुलावर पिशवी बांधायची. अशी आठ वर्षे गेली आणि सुमारे २८,००० झाडे त्यांच्या हाताखालून गेली.

गोल दाण्याचे झाड आणि सुरकुतलेल्या दाण्याचे झाड यांचा संकर केला, तेव्हा पहिल्या पिढीत सगळे दाणे गोल निघाले. सुरकुत्या जणू नाहीशाच झाल्या. पण त्या गोल दाण्यांपासून पुढची पिढी काढली, तेव्हा ७,३२४ दाण्यांपैकी ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले भरले. म्हणजे तीनास एक. सुरकुतीचा गुण मधल्या पिढीत लपून बसला होता, इतकेच.

यातून मेंडेल यांनी जो अर्थ काढला तो आपण घरगुती भाषेत असा समजून घेऊ. प्रत्येक गुणाच्या दोन चिठ्ठ्या असतात, एक आईकडून आलेली आणि एक वडिलांकडून. पुढच्या पिढीला देताना प्रत्येक पालक आपल्या दोनपैकी एकच चिठ्ठी देतो आणि कोणती जाईल ते कोणाच्या हातात नसते. एक चिठ्ठी प्रभावी असेल तर दुसरी झाकली जाते, पण पुसली जात नाही. या चिठ्ठ्यांना आज आपण जनुक म्हणतो.

१८६५ च्या फेब्रुवारी आणि मार्च महिन्यांत त्यांनी ब्रनोच्या निसर्गविज्ञान मंडळापुढे हे निष्कर्ष वाचून दाखवले. १८६६ मध्ये लेख छापला गेला. त्याच्या ४० प्रती त्यांनी मागवून घेतल्या आणि काही विद्वानांना पाठवल्या. कोणी फारसे लक्ष दिले नाही. १८६८ मध्ये ते मठाधिपती झाले आणि कारभारात गुरफटले. १८७४ मध्ये सरकारने मठांवर नवा कर बसवला. तो अन्यायाचा आहे असे म्हणून त्यांनी मरेपर्यंत भरला नाही. मधमाशा पाळणे आणि रोजच्या हवामानाच्या नोंदी ठेवणे हाच काय तो विरंगुळा राहिला. मूत्रपिंडाच्या विकाराने ६ जानेवारी १८८४ रोजी, तीन राजांच्या सणादिवशी, ते प्रभूकडे गेले. अंत्यविधीचे संगीत प्रख्यात संगीतकार लेओश यानाचेक यांनी सांभाळले. शहराने एक सज्जन मठाधिपती गमावला म्हणून शोक केला. शास्त्रज्ञ गमावला हे कोणाच्या ध्यानातही आले नाही. त्यांचे पुष्कळसे कागद नंतर जाळले गेले.

सोळा वर्षांनी, १९०० मध्ये, युरोपातील तीन वनस्पतिशास्त्रज्ञ आपापल्या प्रयोगांतून त्याच नियमांपाशी पोचले आणि मेंडेल यांचा जुना लेख पुन्हा उजेडात आला. दोनच वर्षांत त्याचा उपयोग माणसांसाठी झाला. लंडनचे डॉक्टर आर्चिबाल्ड गॅरॉड अल्कॅप्टोन्यूरिया नावाच्या दुर्मीळ आजाराचा अभ्यास करीत होते. या आजारात लघवी उघड्यावर ठेवली की काळी पडते, आणि तेच द्रव्य वर्षानुवर्षे कूर्चांमध्ये साचून सांधे झिजतात. रुग्णांचे आईबाप धडधाकट, पण पुष्कळदा एकमेकांची सख्खी चुलत किंवा मामे-मावस भावंडे असत. हा तर मेंडेल यांचा लपलेला गुण, हे ध्यानात आले. एकाच आजोबांकडून आलेली लपलेली चिठ्ठी दोन्ही बाजूंनी येऊन एका बाळात एकत्र होत होती. आपल्या ख्रिस्तसभेच्या कायद्यातही अशा जवळच्या नात्यात खास परवानगीवाचून विवाह होत नाही, हे आपल्याला माहीत आहेच.

आता आपल्या महाराष्ट्राकडे वळू. विदर्भ, नंदुरबार आणि आपल्या पालघर भागातील आदिवासी बांधवांत सिकल सेल हा रक्ताचा आजार आढळतो. इतर समाजांतही तो आहे. रक्तातील तांबड्या पेशींत हिमोग्लोबिन असते, ते प्राणवायू वाहून नेते. त्याच्या एका साखळीत १४६ दुवे असतात. त्यांतला फक्त सहावा दुवा बदलला की प्राणवायू कमी पडताच हिमोग्लोबिनचे कण एकमेकांना चिकटून लांब दोऱ्या बनतात आणि गोल, मऊ पेशी विळ्यासारखी वाकडी आणि कडक होते. निरोगी तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, ही जेमतेम १० ते २० दिवस. म्हणून अंगात रक्त कमी राहते आणि डोळे पिवळे दिसतात.

या कडक पेशी बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या भागाला प्राणवायू मिळत नाही. पेशीची शक्ती आटते, आत पाणी शिरून ती फुगते. रक्त लवकर परत आले तर ती सावरते. उशीर झाला तर तिचे आवरण फाटते आणि ती मरते. हाडांत हे घडते तेव्हा मूल असह्य वेदनेने रडते. प्लीहेत हे पुन्हापुन्हा घडले की ती आक्रसून निकामी होते. प्लीहा रक्तातील जंतू गाळून काढते, त्यामुळे ती गेली की रोगप्रतिकारशक्तीचा एक मोठा पहारेकरीच गेला. म्हणूनच अशा लहान मुलांना डॉक्टर पेनिसिलिन आणि न्यूमोनियाची लस देतात. मुलाला ताप आला तर सकाळपर्यंत वाट न पाहता दवाखाना गाठावा, तो याचसाठी.

मग इतका त्रासदायक गुण पिढ्यान्‌पिढ्या टिकला कसा? ज्याच्याकडे अशी एकच चिठ्ठी आहे तो वाहक. तो सहसा आजारी नसतो; उलट मलेरियाचा परजीवी त्याच्या पेशींत नीट वाढू शकत नाही. हे १९५४ मध्ये आफ्रिकेतील अभ्यासातून सिद्ध झाले. मलेरियाच्या जंगलात ज्या चिठ्ठीने आपल्या पूर्वजांची बाळे वाचवली, तीच चिठ्ठी दोन्हीकडून आली की बाळाला छळते. यात शाप कुठे आहे?

दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी असण्याची शक्यता चारात एक असते. येथे एक गैरसमज फार ऐकू येतो. एक मूल आजारी झाले, आता पुढची तीन बरी होतील, असे लोक समजतात. तसे नाही. चिठ्ठी प्रत्येक वेळी नव्याने उचलली जाते. आणि आजारी मुलाला दोन्ही चिठ्ठ्या लागतात, एक आईची व एक वडिलांची. म्हणजे सुनेला बोल लावणाऱ्या घरात तितकाच वाटा मुलाकडूनही आलेला असतो. मुलगी वाहक आहे म्हणून स्थळ मोडायचे आणि मुलाची तपासणीच करायची नाही, हा उघड अन्याय आहे.

केंद्र सरकारने १ जुलै २०२३ रोजी सिकल सेल निर्मूलनाची राष्ट्रीय मोहीम सुरू केली. तिच्यात आदिवासी भागांतील चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांची तपासणी करण्याचे ठरले. बोटातून घेतलेल्या थेंबभर रक्तावर पहिली तपासणी होते. हायड्रॉक्सीयुरिया हे औषध घेतल्याने वेदनेचे झटके कमी होतात. त्याच वर्षाच्या शेवटी जनुकात दुरुस्ती करणाऱ्या उपचारालाही ब्रिटन आणि अमेरिकेत मान्यता मिळाली, पण तो गरिबाच्या आवाक्याबाहेर आहे.

म्हणून आम्हाला वाटते, आपल्या तरुणांनी विवाहाची बोलणी सुरू होण्याआधीच ही तपासणी करून घ्यावी, मुलाने आणि मुलीने दोघांनीही. विवाहपूर्व शिबिरात हा विषय मोकळेपणाने निघावा. दोघेही वाहक निघाले तर घाबरून न जाता डॉक्टरांशी आणि धर्मगुरूंशी बोलावे. अहवाल ही त्या दोघांची खाजगी गोष्ट आहे, गावच्या चर्चेचा विषय नव्हे. आणि ज्या घरात असे मूल आधीच आहे, तेथे जाताना आपण दोष कोणाचा हे विचारू नये. रात्री-अपरात्री दवाखान्यात न्यायला गाडी लागेल का, रक्त द्यायला कोणी हवे आहे का, हे विचारावे. रुग्णांच्या यातना पाहवत नाहीत म्हणून इस्पितळातून परतलेल्या फादर मेंडेल यांच्याकडून आपण एवढे तरी शिकू या.