भीमरावांना रात्री दोनला उठवणारे सुभेदार

१ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर शिरूर तालुक्यातल्या कोरेगाव भीमाजवळच्या जयस्तंभाला मानवंदना द्यायला आले. त्यांचं घराणंही लष्करातलंच. वडील सुभेदार रामजी लष्करी शाळेत हेडमास्तर, त्यामुळे पोरं शिकलीच पाहिजेत हा हट्ट.

साताऱ्याच्या शाळेत मात्र भीमरावांना वेगळं बसवायचे, तेही घरून नेलेल्या गोणपाटावर. नळाला हात लावायचा नाही. शिपाई नसला की दिवसभर तहानलेलं राहायचं! मुंबईत संस्कृत नाकारलं, मग फारसी घेतली. थोरले आनंदराव शाळा सोडून नोकरीला लागले. परळच्या एका खोलीत रामजी भीमरावांना रात्री दोनला अभ्यासाला उठवायचे, पुस्तकांसाठी लेकींचे दागिने गहाण टाकायचे.

१९०७ ला भीमराव मॅट्रिक झाले. फेब्रुवारी १९१३ मध्ये रामजी गेले. त्याच वर्षी भीमराव न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात पोहोचले.