अण्णासाहेब कर्वे आणि त्यांचे विद्यापीठ

सन १८७५ मध्ये पावसाळ्याच्या अखेरीस कोकणातील मुरूड गावाहून काही मुले पायी साताऱ्यास निघाली. त्यांना तेथे सरकारी परीक्षेस बसावयाचे होते. वाटेत सह्याद्रीचे घाट, अंगावर पाऊस आणि पाठीवर सामानाचे ओझे. चार दिवसांत सुमारे ११० मैलांची मजल मारून ती साताऱ्यास पोहोचली. त्यांच्यापैकी एक मुलगा सतरा वर्षांचा होता, परंतु अंगाने अगदी किरकोळ. परीक्षेच्या प्रमुखांनी त्याच्याकडे पाहिले आणि तो वयाने लहान दिसतो, एवढ्यासाठी त्याला परीक्षेस बसू दिले नाही. आला त्या वाटेने तो परत गेला. त्याचे नाव धोंडो केशव कर्वे.

धोंडो यांचा जन्म १८ एप्रिल १८५८ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील शेरवली या आजोळच्या गावी झाला. घरची गरिबी होती. मुंबईस शिकत असताना पहाटे उठून ते इतर मुलांच्या शिकवण्या करीत आणि त्या पैशावर आपले शिक्षण चालवीत. १८८४ मध्ये मुंबई विद्यापीठाची बी. ए. ची पदवी त्यांनी गणित विषय घेऊन मिळविली. पुढे १८९१ मध्ये गोपाळ कृष्ण गोखले यांच्या बोलावण्यावरून ते पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे प्राध्यापक झाले. स्वभावाने ते भिडस्त होते. सभा गाजविणारे वक्तृत्व त्यांच्यापाशी नव्हते. लोक त्यांना आदराने अण्णासाहेब म्हणत.

त्याच वर्षी त्यांच्या पत्नी राधाबाई वारल्या. १८९३ मध्ये अण्णासाहेबांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकणाऱ्या गोदूबाई या विधवेशी विवाह केला. त्या काळी विधवेचा पुनर्विवाह हे मोठे पाप समजले जाई. मुरूडच्या लोकांनी त्यांच्यावर बहिष्कार घातला. अण्णासाहेबांनी तो मुकाट्याने सोसला आणि १८९६ मध्ये पुण्यास विधवांसाठी आश्रम काढला. १९०० मध्ये हा आश्रम शहराबाहेर हिंगणे येथे एका साध्या झोपडीत नेण्यात आला. दिवसभर महाविद्यालयात शिकवून सायंकाळी अण्णासाहेब पायी हिंगण्यास जात. पावसाळ्यात त्या वाटेवर पाय रुतावा इतका चिखल होई. तरीही आश्रमाला लागणाऱ्या जिनसा ते स्वतः वाहून नेत.

या आश्रमात अण्णासाहेबांना जे दिसले, ते महाविद्यालयाच्या वर्गात कधी दिसले नव्हते. येथे शिकणारी स्त्री कधी वीस वर्षांची असे, कधी तीस. आणि ती मुळाक्षरांपासून आरंभ करीत असे. तिच्या बुद्धीत उणे काही नव्हते. उणीव होती ती वेळेची. विद्यापीठाचे सारे शिक्षण इंग्रजीतून होते. इतिहास इंग्रजीत, तर्कशास्त्र इंग्रजीत! ती परकी भाषा शिकण्यातच वर्षेच्या वर्षे जात आणि मूळ विषय दूरच राहत. लहानपणापासून शाळेत जाणाऱ्या मुलग्यांच्या मापाने बेतलेला तो अंगरखा होता. तो या विद्यार्थिनींना कसा बेतावा, याची चिंता कोणासच नव्हती.

अशा वेळी काशीहून टपालाने एक पुस्तिका त्यांच्याकडे आली. जपानमध्ये टोकियो येथे १९०१ साली स्त्रियांसाठी एक विद्यापीठ निघाले होते, त्याची ती माहिती होती. आरंभी त्यांनी ती बाजूला ठेवून दिली होती. १९१५ मध्ये राष्ट्रीय सामाजिक परिषदेचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले. भाषणाची तयारी करताना ती पुस्तिका पुन्हा हाती आली, आणि आपल्याला हवे होते ते हेच, असे त्यांच्या मनाने घेतले. मुंबईच्या परिषदेत त्यांनी महिला विद्यापीठाची योजना मांडली व १९१६ मध्ये ते पुण्यात स्थापन झाले. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर हे पहिले कुलपती आणि रँग्लर परांजपे हे पहिले कुलगुरू झाले. पहिल्या महाविद्यालयात विद्यार्थिनी होत्या अवघ्या पाच.

या विद्यापीठात सर्व विषय मातृभाषेतून शिकविले जात. आरोग्यशास्त्र, गृहव्यवस्था, मानसशास्त्र असे विषय अभ्यासक्रमात होते. घरी अभ्यास करून परीक्षेस बसण्याचीही सोय होती. संसारात गुंतलेली वा पुण्यामुंबईपासून दूर, वऱ्हाडात मेहकर किंवा बुलढाण्याकडे राहणारी एखादी स्त्री असली, तरी तिला पदवीचा मार्ग मोकळा होता. पदव्यांची नावेदेखील आपल्या भाषेला जवळची होती. पहिली पदवी 'गृहीतागमा', म्हणजे जिने विद्या ग्रहण केली ती. आणि त्यापुढील 'प्रदेयागमा', म्हणजे जिची विद्या इतरांना देण्याजोगी झाली ती.

टीकाकार पुष्कळ होते. हे शिक्षण हलक्या दर्जाचे ठरेल, असे काहींना वाटे. गृहव्यवस्था स्त्रियांनीच का शिकावी, हा प्रश्न आज तुमच्याही मनात येईल, आणि तो रास्त आहे. महात्मा गांधींना मातृभाषेचे माध्यम आवडले. परंतु इंग्रजी हा विषय सक्तीचा असावा, हे त्यांना मान्य नव्हते. अण्णासाहेबांनी त्यांचे म्हणणे ऐकून घेतले, पण इंग्रजी विषय सक्तीचाच ठेवला. जगाचे ज्ञान ज्या भाषेतून येते, ती आपल्या विद्यार्थिनींना आलीच पाहिजे, याविषयी त्यांची खात्री होती.

खरी अडचण निराळीच होती. विद्यापीठाला सरकारची मान्यता नव्हती. वर्षानुवर्षे अभ्यास करून एखादी मुलगी पदवी मिळवी. परंतु सरकारी नोकरीच्या दारात त्या पदवीला मोल नसे. मुलींच्या पालकांना हे ठाऊक होते. मुंबई विद्यापीठाचा अभ्यासक्रम उचलला असता, तर ही अडचण पुष्कळशी सुटली असती. अण्णासाहेबांनी ते केले नाही. पैशासाठी मात्र ते गावोगाव हिंडले. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपयांची देणगी दिली आणि त्यांच्या मातोश्री नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव विद्यापीठाला देण्यात आले. तरीही मान्यता आली नाही. १९२९ मध्ये, वयाच्या एकाहत्तराव्या वर्षी, अण्णासाहेब जगाच्या प्रवासास निघाले. युरोप व अमेरिका पाहून ते जपानला गेले. ज्या विद्यापीठाची पुस्तिका टपालाने आली होती, त्याचा देश त्यांनी डोळ्यांनी पाहिला.

१९३६ मध्ये विद्यापीठाचे मुख्य ठाणे मुंबईस गेले. पुढे देश स्वतंत्र झाला. १९४९ मध्ये मुंबईच्या विधिमंडळाने कायदा करून या विद्यापीठाला मान्यता दिली व १९५१ पासून त्या कायद्याप्रमाणे कारभार सुरू झाला. विद्यापीठ निघाल्याला तोवर पस्तीस वर्षे होत आली होती. अण्णासाहेबांनी नव्वदी ओलांडली होती.

त्यानंतर मानसन्मानांची जणू रीघच लागली. काशी हिंदू विद्यापीठाने १९४२ मध्येच त्यांना सन्माननीय पदवी दिली होती. १९५१ मध्ये पुणे विद्यापीठाने आणि १९५४ मध्ये त्यांच्या स्वतःच्या महिला विद्यापीठाने तसाच गौरव केला. १९५७ मध्ये मुंबई विद्यापीठानेही त्यांना सन्माननीय पदवी दिली. त्याच विद्यापीठाचे ते त्र्याहत्तर वर्षांपूर्वी पदवीधर झाले होते. १९५८ मध्ये त्यांना शंभर वर्षे पूर्ण झाली. त्या वर्षी भारत सरकारने त्यांना 'भारतरत्न' हा किताब दिला आणि त्यांचे चित्र असलेले टपालाचे तिकीटही काढले. ९ नोव्हेंबर १९६२ रोजी, वयाच्या एकशेपाचव्या वर्षी, पुणे येथे त्यांचे देहावसान झाले.