पूज्य फादर हेन्री हेरास, येशूसंघीय

परीक्षा व विद्या ह्यांचे वैर आजचे नव्हे. मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झाले, तेव्हापासून प्रश्नपत्रिकेवर पदवी व पदवीवर नोकरी असा क्रम ठरून गेला, आणि नेमलेले पुस्तक घोकणे हाच अभ्यास होऊन बसला. इतिहासाची तर फारच दैना झाली. राजांच्या नावांची व सनांची जपमाळ ओढणे एवढेच विद्यार्थ्याच्या वाट्यास उरले. ह्याच रीतीत राहून ज्यांनी विद्यार्थ्यांस इतिहासाचे वेड लाविले, ते फादर हेरास होत.

स्पेन देशातील बार्सिलोना नगरात ११ सप्टेंबर १८८८ रोजी त्यांचा जन्म झाला. तरुणपणीच ते येशूसंघात दाखल झाले व १९२२ साली मुंबईस आले. सेंट झेवियर्स कॉलेजच्या प्राचार्यांनी कोणता इतिहास शिकवाल असे विचारता, विद्यार्थ्यांस कोणता इतिहास सर्वांत कमी ठाऊक आहे असे त्यांनीच उलट विचारले. तो हिंदुस्थानचाच, हे कळताच तोच शिकविण्याचे त्यांनी ठरविले, अशी आख्यायिका आहे.

परीक्षा मोडणे त्यांच्या हाती नव्हते. शिवाय पदवीवाचून गरिबाच्या मुलाचे चालत नसे. तेव्हा त्यांनी दुसरी वाट काढिली. १९२६ साली कॉलेजातच त्यांनी इतिहास-संशोधन मंदिर उघडिले, ग्रंथ, नाणी व मूर्ती जमविल्या, आणि इतिहास कसा लिहावा ह्याविषयी विद्यार्थ्यांकरिता एक छोटे पुस्तकही त्याच वर्षी छापिले. विद्यार्थ्याने शिलालेख व ताम्रपट स्वतः तपासावे, ऐकीव मजकुरावर विसंबू नये, हा त्यांचा आग्रह असे. एम. ए. व पीएच. डी.साठी प्रबंध लिहिणारांस त्यांनी मार्ग दाखविला. तेथे पदवी व आवड ह्यांची गाठ पडली. १९२९ साली त्यांनी गोव्यातील चांदोर येथे उत्खनन केले. त्यांचे शिष्य जॉर्ज मोराइश ह्यांनी कदंब घराण्याचा इतिहास लिहिला. १९३१ साली तो फादरांच्या प्रस्तावनेसह प्रसिद्ध झाला.

शिराळ्याचा मुलगा भुईकोटाजवळून रोज जातो, समर्थांनी स्थापिलेला मारुती पाहतो, आणि परीक्षेकरिता मात्र दूरच्या लढायांची वर्षे पाठ करितो. फादरांच्या हाती असा मुलगा लागता, तर त्यांनी त्यास प्रथम त्या तटाकडेच धाडिले असते, असे आम्हांस वाटते.

वेड लाविणारा गुरु स्वतःही वेडा असावा लागतो, आणि वेडास कधी लगाम राहत नाही. सिंधुकाठच्या मुद्रांवरील लिपी आपण वाचिली, असे फादरांनी मानिले व १९५३ साली त्यावर मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. विद्वानांनी ते वाचन मान्य केले नाही; ती लिपी अद्यापि कोणासही निर्विवाद लागलेली नाही.

१४ डिसेंबर १९५५ रोजी मुंबईत ते ख्रिस्तवासी झाले. त्यांच्या संस्थेस पुढे त्यांचेच नाव देण्यात आले. मोराइश ह्यांनी १९६४ साली हिंदुस्थानातील ख्रिस्ती धर्माचा इतिहास प्रसिद्ध केला.