गाडगेबाबांचा खराटा आणि गावाचे आरोग्य

दरवर्षी २३ फेब्रुवारी आणि २० डिसेंबरला गाडगेबाबांच्या प्रतिमेला हार घातला जातो. पुढारी हातात खराटा घेऊन फोटो काढून घेतात. दुसऱ्या दिवशी तोच खराटा पिढ्यान् पिढ्या ज्यांच्या हाती दिला गेला, त्यांच्याच हाती परत जातो. म्हणूनच बाबांचे चरित्र चळवळीच्या वाचकांसमोर पुन्हा मांडणे आम्हाला गरजेचे वाटते.

डेबूजी झिंगराजी जानोरकर यांचा जन्म १८७६ साली अमरावती जिल्ह्यातील शेंडगाव येथे परीट समाजात झाला. बाप दारूपायी अकाली गेला. आई सखुबाई पोराला घेऊन माहेरी, दापुरे गावी आली. डेबूजीने तिथे गुरे राखली, नांगर धरला. शाळा काही नशिबी आली नाही. सावकारी कर्जापायी मामाची जमीन कशी जाते, हे मात्र त्यांनी डोळ्यांनी पाहिले. मुलीच्या बारशाला दारू-मटणाची पंगत घालण्याची जातीची रीत होती. ती मोडून त्यांनी गोड जेवण वाढले. १ फेब्रुवारी १९०५ रोजी त्यांनी घर सोडले. अंगावर चिंध्या, एका हातात फुटके गाडगे आणि दुसऱ्या हातात खराटा, एवढाच त्यांचा संसार उरला.

बाबा गावात शिरले की आधी रस्ता झाडीत, तुंबलेली गटारे मोकळी करीत. रात्री कीर्तनाला उभे राहिले की लोकांनाच प्रश्न विचारीत. बोकड कापून देव पावतो का, कर्ज काढून तेरावे का घालता, माणसाचा विटाळ कसा होतो, हे त्यांचे विषय. दिवसा रस्त्यावरची घाण आणि रात्री डोक्यातली घाण काढायची, असा हा कार्यक्रम पुढे अर्धशतक चालला.

या सफाईकडे भाबडी सेवा म्हणून पाहणे चुकीचे आहे. त्या काळी पंढरपूरची वारी आणि पटकी यांचे नाते सर्वांना ठाऊक होते. लाखो माणसे जमत. त्यांच्या राहण्याची सोय नसे, शौचाची तर नसेच. वाळवंटातली घाण नदीत जाई, नदीचे पाणी पोटात जाई आणि यात्रेकरू तो रोग गावोगाव नेत. बाबा वाळवंट झाडीत, पण नुसत्या झाडण्याने रोग हटत नाही हे त्यांनी ओळखले होते. माणसांना निवारा, पाणी आणि स्वच्छ जागा मिळाली पाहिजे. म्हणून कीर्तनातून जमलेल्या पैशातून त्यांनी मंदिरांऐवजी धर्मशाळा उभ्या केल्या. ऋणमोचनला पूर्णा नदीवर घाट बांधला. देवळाच्या पायरीवरही ज्यांना जागा नव्हती, त्या अस्पृश्य यात्रेकरूंसाठी पंढरपुरात चोखामेळा धर्मशाळा झाली. नाशिक, आळंदी, देहू येथेही धर्मशाळा झाल्या. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ रुग्णांच्या नातेवाइकांसाठी धर्मशाळा झाली. खेड्यातून आलेला रोगी उपचार अर्धवट सोडून का पळतो, हे या निरक्षर माणसाला बरोबर कळले होते.

बाबासाहेबांचे आणि त्यांचे नाते याच धाग्याने जुळले. बाबांना शिकता आले नव्हते, म्हणून शिकलेल्या बाबासाहेबांविषयी त्यांना अपार अभिमान होता. चोखामेळा धर्मशाळा त्यांनी पुढे बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या स्वाधीन केली. ६ डिसेंबर १९५६ रोजी बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यानंतर चौदाच दिवसांनी, २० डिसेंबरला, अमरावतीजवळ बाबांनी देह ठेवला.

इथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. बाबांनी खराटा आपखुशीने घेतला होता. आमच्या समाजातील अनेकांच्या हाती तो जन्माने दिला गेला. पहिल्याचा गौरव करून दुसऱ्यावरचा अन्याय झाकता येत नाही. बाबासाहेबांनी १९३५ साली मुंबईत पालिका कामगारांचा संघ उभारला, कारण सफाई करणाऱ्याला हार-तुऱ्यांपेक्षा हक्कांची गरज होती. मैला वाहण्याच्या प्रथेविरुद्ध १९९३ साली कायदा झाला, २०१३ साली आणखी कडक कायदा झाला. तरीही गटारात माणसे गुदमरून मरत राहिली. अशा मृत्यूला ३० लाखांची भरपाई द्या, असे सर्वोच्च न्यायालयाला २०२३ साली सांगावे लागले. हे मरणारे कोणत्या जातीचे असतात, हे आम्ही वेगळे सांगायला नको.

महाराष्ट्र सरकारने २००० साली बाबांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. गावे कामाला लागली, बक्षिसे मिळाली. हे चांगलेच झाले. पण बक्षिसाची कमान वेशीवर उभी राहिली, तेव्हा बौद्धवाड्यातले गटार बांधले गेले का? हा प्रश्न आपल्यालाच विचारावा लागेल, आणि तो विचारण्याची जागा गावातच आहे. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि गावागावांत आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समित्या स्थापन झाल्या. आशा आणि अंगणवाडी सेविका या समितीत असतात. समितीसाठी वर्षाला दहा हजारांपर्यंत निधीची तरतूद झाली. पाण्याच्या तपासणीनंतर ग्रामपंचायतीला लाल, पिवळे वा हिरवे कार्ड देण्याची पद्धत राज्यात आहे. आपल्या वस्तीतील किती जणांना हे माहीत आहे? आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे, हे कुणी विचारले आहे?

आमचे सांगणे एवढेच आहे. जयंतीला बाबांचा फोटो जरूर लावा. पण त्याच दिवशी ग्रामसभेला जा. आपल्या विहिरीत टीसीएल पावडर कधी पडली, समितीचा निधी कुठे खर्च झाला, नाली उपसणाऱ्याला हातमोजे, बूट आणि पूर्ण पगार मिळतो का, हे विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. बाबा रात्री कीर्तनात प्रश्न विचारीत. तेच प्रश्न आता दिवसाढवळ्या ग्रामपंचायतीत विचारण्याची जबाबदारी आपली आहे.