डोंगरावरचा शेजारी

मैत्रिणींनो, खरं सांगते, लग्न होऊन औंधला आले त्याला बावीस वर्षं झाली. यमाईच्या डोंगरावर किती वेळा गेले असेन! पण वाटेतल्या भवानी संग्रहालयात कधी पाऊल टाकलं नव्हतं. म्हटलं, गावातलंच तर आहे, बघू कधीतरी. परवा नणंदबाई मुंबईहून आल्या, त्यांनी हट्टच धरला. दहावीतली लेकही निघाली. तिला चित्रकलेकडे जायचंय आणि आम्ही घरचे चित्रांनी पोट भरतं का म्हणून तिला गप्प करतो.

राजा रविवर्म्याची चित्रं पाहिली, हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं दगडातलं आई-मूल पाहिलं. पण मनात राहिले ते हे सगळं जमवणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी.

त्यांचा जन्म 1868 चा. 1909 मध्ये गादीवर बसले. संस्थान लहान, 72 गावांचं, तेही विखुरलेलं. तरी लक्ष्मणराव किर्लोस्करांना कारखान्यासाठी माळरानाची जागा दिली, तिथेच 1910 मध्ये किर्लोस्करवाडी उभी राहिली. स्वतः रोज सूर्यनमस्कार घालायचे आणि शाळांतल्या मुलामुलींना, बायकांनाही घाला म्हणायचे. पुण्याच्या भांडारकर संस्थेला महाभारताच्या कामासाठी लाख रुपये देऊ केले. आणि हा राजा स्वतः चित्रं काढायचा बरं का! त्यांचं चित्ररामायण 1916 मध्ये छापून निघालं.

जमवलेली कला त्यांनी वाड्यात कोंडून ठेवली नाही. 1938 मध्ये डोंगरावर हे संग्रहालय उभं केलं. पुढच्याच वर्षी, 1939 च्या जानेवारीत, गांधीजींच्या सल्ल्याने घटना करून राज्यकारभार लोकांच्या हाती सोपवला. आपण साधी कपाटाची किल्ली सुनेच्या हाती द्यायला किती वर्षं लावतो! 1948 मध्ये संस्थान विलीन झालं आणि 1951 मध्ये बाळासाहेब गेले.

आई-मुलाच्या शिल्पापुढे लेक बराच वेळ उभी होती. वही काढून रेघा ओढत होती. मी नेहमीसारखी घाई केली नाही. राजाला राज्यकारभार सांभाळून रंग हातात घ्यावेसे वाटले, मग माझ्या पोरीने का घेऊ नयेत?

उतरताना बाजारात थांबलो. भाजीच्या पैशांतून रंगांची एक पेटी घेतली. घरी काय बोलायचं ते मी बघेन.

तुमच्याही गावात असं एखादं संग्रहालय असेल. पाहुण्यांची वाट बघू नका, लेकीला घेऊन एकदा जाऊन या.