आन्येसी आणि ‘चेटकिणीचा’ वक्र

आलेखाच्या कागदावर य = ८ ÷ (क्ष² + ४) हे समीकरण मांडून पाहावे. क्ष शून्य असताना य ची किंमत २ येते. क्ष २ किंवा उणे २ असताना १, तर ४ किंवा उणे ४ असताना ०.४. हे बिंदू जोडले, की दोन्ही बाजूंना सारखी उतरणारी, पण आडव्या अक्षाला कधीच न टेकणारी टेकडी उमटते. ८ च्या जागी १६ घेतले, तर टेकडी दुप्पट उंच होते. या वक्राला इंग्रजीत ‘आन्येसीची चेटकीण’ म्हणतात.

मारिया गाएताना आन्येसी यांचा जन्म १६ मे १७१८ रोजी इटलीतील मिलान येथे, रेशीम व्यापाऱ्याच्या श्रीमंत घरात झाला. वडिलांच्या तीन विवाहांतून झालेल्या २१ अपत्यांत त्या थोरल्या. नवव्या वर्षी त्यांनी स्त्रीशिक्षणाची बाजू मांडणारे भाषण लॅटिनमध्ये केले. पुढे त्यांना जोगीण होऊन मठात राहायचे होते. वडिलांनी ते मानले नाही. घरीच राहून त्या गणितात रमल्या. बीजगणितापासून कलनशास्त्रापर्यंतचे गणित सोपे करून सांगणारा त्यांचा द्विखंडी ग्रंथ १७४८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो तरुण विद्यार्थ्यांसाठी, लॅटिनऐवजी इटालियनमध्ये लिहिलेला होता.

हा वक्र त्याच ग्रंथातला. त्याचा अभ्यास आधी फर्मा आणि ग्रांदी यांनी केला होता. ग्रांदींनी ‘वळणे’ या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून त्याला ‘वेर्सिएरा’ म्हटले. इंग्रजी अनुवादक जॉन कोल्सन यांनी तो शब्द सैतानाच्या बायकोसाठीच्या ‘अव्वेर्सिएरा’सारखा घेतला आणि वक्राची चेटकीण झाली. हा अनुवाद छापला गेला १८०१ मध्ये. तेव्हा लेखिका आणि अनुवादक दोघेही हयात नव्हते.

पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी १७५० मध्ये आन्येसी यांना बोलोन्या विद्यापीठात गणिताचे पद देऊ केले. त्या तिथे कधी शिकवायला गेल्या नाहीत. १७५२ मध्ये वडील वारले आणि त्यांनी गणित सोडून गरीब, आजारी स्त्रियांची सेवा पत्करली. आजारी स्त्रियांना त्यांनी स्वतःच्या घरात आसरा दिला, सम्राज्ञी मारिया थेरेसा यांच्याकडून मिळालेल्या भेटवस्तूही विकल्या. १७७१ पासून मिलानमधील पिओ अल्बेर्गो त्रिवुल्त्सिओ या आश्रमातील स्त्रियांच्या विभागाची जबाबदारी त्यांनी सांभाळली. ९ जानेवारी १७९९ रोजी त्यांचे निधन झाले. ज्या गरिबांची सेवा केली, त्यांच्यासोबतच एका सामायिक कबरीत त्यांचे दफन झाले.